बँकेची त्वचा भाजलेल्या जखमेवर लावताना: डब्यापासून ड्रेसिंगपर्यंत

‘सर, स्किन बँकेतून आणलेली त्वचा तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगबरोबरच निघून आली. माल खराब होता का?’ असा फोन मला अधूनमधून येतो. मी उलट विचारतो, ‘सलाइनमध्ये किती वेळ ठेवली होती?’ पलीकडे शांतता पसरते. मग उत्तर येतं, ‘एकदा खळबळून घेतली होती.’

स्किन बँक मृत दात्यांची त्वचा जपून डब्यातून पाठवते. त्या डब्यातला माल बहुधा ठीकच असतो. बिघडतं ते डबा उघडण्याच्या आधी आणि उघडल्यानंतरच्या अर्ध्या तासात. एक तर जखमेचा तळ तयार नसतो, नाही तर त्वचा ज्यात जपलेली असते ते ग्लिसरॉल नीट धुतलेलं नसतं, नाही तर त्वचा उलटी लागलेली असते. बर्न्स वॉर्डातले रेसिडेंट, ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टर आणि जिल्ह्याच्या ठिकाणी भाजलेले पेशंट घेणारे सर्जन यांच्यासाठी हा क्रम लिहितो आहे. तो ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये जपलेल्या मृत दात्याच्या त्वचेचा आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचा याच पद्धतीने जपली जाते. गोठवून ठेवलेल्या त्वचेची रीत वेगळी आहे, ती इथे घेतलेली नाही. बँकेने डब्याबरोबर पत्रक दिलं असेल तर वेळ आणि तापमान त्यातलंच पाळा.

एक गोष्ट आधी पक्की करा. ग्लिसरॉलमधल्या त्वचेतल्या पेशी जिवंत नसतात. ती पेशंटची कायमची कातडी होणार नाही. ती जखमेला चिकटते, झाकते, पाणी आणि प्रथिनं वाहून जाणं कमी करते, वेदना उतरवते, खालच्या तळाला सावरायला वेळ देते आणि काही आठवड्यांनी सुटते. ग्राफ्टच्या, म्हणजे रोपलेल्या त्वचेच्या, रूपात आलेलं हे उत्तम ड्रेसिंग आहे, एवढंच धरून चाला. तिच्याकडून जास्तीची अपेक्षा ठेवली की पुढचे निर्णय चुकतात.

टप्पा १: पेशंट निवडा

चार प्रसंगी ही त्वचा खरोखर कामाची आहे.

पहिला, भाजलेला भाग मोठा आहे, मेलेली कातडी काढायची आहे आणि पेशंटची स्वतःची निरोगी त्वचा पुरणारी नाही. दुसरा, स्वतःची त्वचा चिरांची जाळी करून १:४ किंवा १:६ अशी खूप ताणून लावली आहे आणि जाळीची मोठी भोकं उघडी पडणार आहेत. अशा वेळी वरून बँकेची त्वचा घालतात. तिसरा, मुलांना चहा-पाण्याने भाजलेलं असतं, जखम वरवरची ते मध्यम खोलीची आणि स्वच्छ असते. रोजच्या ड्रेसिंगचा छळ यात टळतो. चौथा, तळ ग्राफ्ट धरेल का याची शंका आहे. बँकेची त्वचा धरली तर पेशंटची स्वतःचीही धरेल, हा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो.

मेलेली कातडी जागेवर असताना, पू असताना किंवा हिरवट स्राव येत असताना ती लावू नका. ‘निदान झाकलं तरी जाईल’ या विचाराने लावलेली त्वचा खाली पू कोंडून ठेवते आणि दोन दिवसांनी पेशंटला १०३ ताप येतो.

टप्पा २: क्षेत्रफळ मोजा, अंदाजाने मागवू नका

‘दोन डबे पाठवा’ ही मागणी नव्हे. बँकेला चौरस सेंटिमीटर सांगावे लागतात.

पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटं धरून, म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण १ टक्का. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये, दोन्हींचा गुणाकार करा, ३६०० ने भागा आणि वर्गमूळ काढा. शरीराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळतं. समजा, उंची १६० आणि वजन ६० आहे. उत्तर येतं १.६३ चौरस मीटर, म्हणजे १ टक्का म्हणजे सुमारे १६३ चौरस सेंटिमीटर. २० टक्के जागा झाकायची तर ३२६० च्या आसपास. कडा कापण्यात आणि वेड्यावाकड्या तुकड्यांत जाणारा भाग म्हणून वर दहा टक्के धरा. ३६०० मागवा.

इथे दोन चुका होतात. सुजलेल्या पेशंटचं आजचं वजन धरतात, खरं तर भाजण्यापूर्वीचं वजन नातेवाइकांना विचारायला हवं. दुसरी चूक म्हणजे ‘१:१.५ जाळी करणार आहोत, म्हणजे दीडपट पुरेल’ असा हिशेब. प्रत्यक्षात तेवढं पसरत नाही, आणि या त्वचेला ओढून पसरवायचंही नसतं. जाळी पाणी आणि रक्त बाहेर पडायला वाट देते. तिचा उपयोग त्यासाठीच धरा.

रक्तगट जुळवण्याची गरज नाही. हे नातेवाइकांना आधीच सांगा, नाही तर कोणी तरी ‘ओ पॉझिटिव्ह दाता शोधतोय’ म्हणत रात्रभर फोन करत बसतं.

टप्पा ३: संमती आणि डब्याची तपासणी

संमतीपत्रात ‘मृत दात्याची त्वचा, तात्पुरते आवरण’ हे शब्द स्पष्ट लिहा आणि तोंडीही सांगा. न सांगता लावली आणि तिसऱ्या आठवड्यात ती सुटायला लागली, की घरच्यांना वाटतं ऑपरेशन फसलं. कुणाला दुसऱ्याची त्वचा नको असते. तेही टेबलावर घेण्याआधी कळलेलं बरं.

डबा आल्यावर झाकण न उघडता पाहा: दात्याचा सांकेतिक क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख, क्षेत्रफळ, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्यांचे निकाल, सील शाबूत आहे का. नंतर डबा फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, ४ ते ८ अंशांवर ठेवा. ‘त्वचा आहे, थंडच हवी’ म्हणून फ्रीझरमध्ये टाकू नका. वॉर्डातल्या इन्सुलिनच्या आणि जेवणाच्या डब्यांच्या फ्रिजमध्येही नको, तिथलं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं.

*तपासा: डब्यावरचं क्षेत्रफळ मागणीइतकं आहे का? भूल देण्याआधीच मोजा.*

टप्पा ४: तळ तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सगळ्यात जास्त घाईही इथेच होते.

मेलेली कातडी हंबी किंवा वॉटसन चाकूने पापुद्र्या-पापुद्र्याने काढायची. कुठे थांबायचं, हे डोळ्यांनी ठरतं. डर्मिसपर्यंत, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरापर्यंत, पोचलात तर तळ पांढरा, ओलसर, चकचकीत दिसतो आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब दाट उमटतात. थेंब विरळ असतील, तळ करडा किंवा मंद गुलाबी असेल, बारीक शिरांत काळपट गोठलेलं रक्त दिसत असेल, तर अजून एक पापुद्रा काढा. चरबीपर्यंत जावं लागलं तर चरबी पिवळीजर्द, तुकतुकीत हवी. तपकिरी, निस्तेज चरबीवर काहीही धरत नाही.

हातापायाला टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) बांधून काम केलं तर रक्त कमी जातं, पण थेंब दिसत नाहीत. तिथे तळाच्या रंगावर आणि चकाकीवर भिस्त ठेवावी लागते आणि शेवटी टूर्निके सोडून खात्री करावी लागते. टूर्निके न सोडता थेट त्वचा लावणाऱ्यांना संध्याकाळी ड्रेसिंग लालभडक झालेलं दिसतं.

मग रक्त थांबवा. अ‍ॅड्रेनलिनच्या सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज दाबून दहा मिनिटं घड्याळ लावून बसा. किती अ‍ॅड्रेनलिन वापरताय, ते भूलतज्ज्ञांना आधी सांगा. गॉज उचलताना सलाइन ओतत उचला, ओढून काढलं तर थांबलेलं रक्त पुन्हा सुरू. उरलेल्या मोठ्या ठिपक्यांना कॉटरी द्या, पण सगळा तळ जाळत सुटू नका. जळालेली प्रत्येक जागा म्हणजे पुन्हा मेलेलं ऊतक.

मोठ्या पेशंटमध्ये एका बैठकीत शरीराच्या १५ ते २० टक्क्यांपुढे जाण्याचा मोह टाळा. रक्ताच्या पिशव्या ओटीत आल्याशिवाय पहिला छेद नको. ओटीचा एसी बंद ठेवा. सर्जनला घाम फुटला तरी चालेल, पेशंट गारठला की रक्त थांबत नाही.

*सावध: तळावर बेटाडिन किंवा मलम राहिलं असेल तर सलाइनने पूर्ण धुऊन काढा. मलमाच्या थरावर त्वचा कशी चिकटणार?*

टप्पा ५: ग्लिसरॉल धुवा

फोनवर शांतता पसरते ती याच टप्प्यावर, म्हणून जरा सविस्तर.

८५ टक्के ग्लिसरॉल पाणी शोषून घेतं. म्हणूनच त्यात जंतू वाढत नाहीत आणि म्हणूनच डब्यातली त्वचा ताठ, मेणचट, चामड्यासारखी लागते. तशीच जखमेवर ठेवली तर ती ताज्या तळातलं पाणी ओढते, तळ वरून कोरडा पडतो आणि बुळबुळीत थरावरून त्वचा घसरते. त्वचा तळाला धरून ठेवतो तो फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा, पातळ चिकट थर. तेलकट ताटलीवर टेप लावून बघा, काय होतं ते कळेल.

धुणं सुरू करायचं ते मेलेली कातडी काढून झाल्यावर. रक्त थांबवण्याचं काम चालू असतं, तोच वेळ सिस्टरला मिळतो. आधीपासून धुऊन टेबलावर ठेवलेली त्वचा दिव्यांखाली कडांनी सुकते.

१. निर्जंतुक ट्रॉलीवर तीन मोठे बाऊल मांडा. प्रत्येकात किमान अर्धा लिटर नॉर्मल सलाइन. कोमट चालतं, ३७ अंशांपर्यंत. गरम नको, उष्णतेने त्वचेतलं कोलॅजन आक्रसतं.

२. डब्यातलं ग्लिसरॉल निथळू द्या. फोर्सेप्सने एक-एक पट्टी उचलून पहिल्या बाऊलमध्ये टाका. घड्या उलगडा. पट्ट्यांचा गठ्ठा तसाच बुडवला तर मधल्या पट्ट्यांचं ग्लिसरॉल जागचं हलत नाही. बहुतेक ‘धुतली होती’ या उत्तरामागे हा गठ्ठाच असतो.

३. पाच ते दहा मिनिटं, अधूनमधून हाताने हलवत. मग दुसरा बाऊल, तेवढाच वेळ. मग तिसरा. सलाइन बदलणं महत्त्वाचं. एकाच बाऊलमध्ये अर्धा तास ठेवली तर त्वचा पातळ ग्लिसरॉलमध्ये पोहत राहते.

४. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. सुरुवातीला साबण लावल्यासारखी बोटं सरकतात. धुऊन झाल्यावर बोटांना ओल्या मलमलीसारखी पकड मिळते आणि पट्टी बोटावर टाकली की मऊ होऊन दोन्ही बाजूंना लोंबते. ताठ राहिली तर अजून धुवायची आहे. हात पारखी होईपर्यंत घड्याळावर चला, नंतर हातावर.

सलाइनमध्ये अँटिबायोटिक, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा बेटाडिन घालू नका. ‘जरा जास्त सुरक्षित’ म्हणून घातलेलं हे द्रव्य त्वचेतून तळावर उतरतं आणि तिथल्या जिवंत पेशींना छळतं.

*तपासा: तिसऱ्या बाऊलमधलं सलाइन दोन बोटांत घ्या. बुळबुळीत लागलं तर चौथा बाऊल मांडा.*

टप्पा ६: बाजू ओळखा, जाळी करा

डर्मिसची बाजू खाली, जखमेकडे. वाचायला सोपं आहे. पण धुतल्यानंतर पट्टी पांढरट होते आणि दिव्याखाली दोन्ही बाजू सारख्याच वाटतात.

चार खुणा बघा. डर्मिस चकचकीत असतं, एपिडर्मिस, म्हणजे वरचा थर, मंद. आपल्याकडच्या त्वचेत रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे एपिडर्मिसची बाजू सावळी दिसते. केसांची मुळं किंवा खुंट दिसले तर तीच वरची बाजू. चौथी खूण म्हणजे पट्टी सलाइनमध्ये तरंगत ठेवली की कडा डर्मिसच्या बाजूला वळतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात रात्री दोन वाजता पाठीवर चार पट्ट्या उलट्या लावल्या होत्या. सकाळी सिस्टर म्हणाल्या, ‘सर, हे केस खाली का गेलेत?’ तेव्हापासून केसांची खूण आधी बघतो.

मेशर (त्वचेची जाळी करणारं यंत्र) असेल तर १:१.५ किंवा १:२ चा कॅरिअर (त्वचा ठेवायची खाचांची पट्टी) घ्या आणि त्याची खाचांची बाजू वर आहे ना, ते बोटाने चाचपून बघा. कॅरिअर उलटा गेला तर मेशरमधून त्वचा शेवयांसारखी सुट्या दोऱ्यांची होऊन बाहेर येते, आणि शेवया जोडता येत नाहीत. बँकेकडून दुसरा डबा त्या क्षणी मिळत नसतो.

मेशर नसेल तर अडत नाही. ११ नंबरच्या ब्लेडने बोर्डावर सेंटिमीटरभर अंतरावर आडव्या चिरा द्या. चेहरा, मान आणि हाताच्या मागच्या बाजूला जाळी न करता अखंड पट्टी लावा आणि फक्त मोजक्या चिरा द्या.

टप्पा ७: लावा आणि टाचा

पट्टी तळावर हलकेच सोडा. ओढून ताठ करू नका. खोलगट भागात ती तंबूसारखी उभी राहते आणि खाली पोकळी होते. ओल्या गॉजची गुंडाळी करून मधून कडेकडे फिरवा, खालची हवा आणि रक्त चिरांतून बाहेर येतं. पट्ट्यांच्या कडा एकमेकांना टेकल्या पाहिजेत. फट ठेवू नका, फटीतून पहिला पू येतो.

कडेने दोन-तीन सेंटिमीटरवर स्टेपल. मुलांत आणि चेहऱ्यावर विरघळणारा बारीक टाका, म्हणजे नंतर स्टेपल काढताना रडारड नको. सांध्यावर सांधा ताणलेल्या स्थितीत ठेवून मगच टाचा.

स्वतःच्या ग्राफ्टवर घालत असाल तर आधी स्वतःची ताणलेली जाळी पूर्ण लावून टाचून घ्या, मग वरून बँकेची. काही जण वेळ वाचवायला दोन्ही थर एकत्रच टाचतात. खालचा थर सरकला तर वरून दिसत नाही.

टप्पा ८: ड्रेसिंग

पॅराफिन गॉज, त्यावर सलाइनमध्ये भिजवून पिळलेलं गॉज, त्यावर जाड पॅड, त्यावर क्रेप बँडेज. सांध्याला स्प्लिंट. त्वचा खाली सरकू नये एवढाच दाब हवा. बोटांची टोकं उघडी ठेवा, रंग बघता येतो. पाठ किंवा नितंबावर लावली असेल तर पेशंटला त्या बाजूवर किती वेळ झोपवायचं नाही, हे केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा. रात्रपाळीच्या मावशींना तोंडी सांगून विसरायला होतं.

टप्पा ९: पहिलं उघडणं, ४८ ते ७२ तासांनी

त्याआधी उघडण्याचं कारण फक्त ताप, वास किंवा झिरपून ओलं झालेलं ड्रेसिंग. उघडताना वरचे थर सलाइनने भिजवून सुटू द्या.

बोट हलकेच ठेवून सरकवून बघा. धरलेली त्वचा तळाबरोबर हलते, तळावरून घसरत नाही. खाली रक्ताचा किंवा पाण्याचा फुगा दिसला तर तिथेच चीर देऊन गॉजने बाहेर दाबा. अख्खी पट्टी काढू नका. पू असेल तर तेवढा तुकडा कापून काढा, स्वॅब कल्चरला पाठवा, जागा धुवा. शेजारची धरलेली त्वचा राहू द्या.

*सावध: काही दिवसांनी वरचा सावळा पापुद्रा सुटून येतो आणि खाली पांढरट थर दिसतो. फक्त एपिडर्मिस गेलेलं असतं, डर्मिस अजून चिकटलेलं असतं. ‘गेली’ असं समजून खरवडू नका. हे खरवडणं मी अनुभवी हातांकडूनही पाहिलं आहे.*

टप्पा १०: कधी काढायची

जखम मध्यम खोलीची असेल तर काढायचीच नाही. खाली नवी कातडी येते तशी ती कडेने सुकून उचलली जाते, साधारण दोन-तीन आठवड्यांत. सुटलेला भाग कात्रीने छाटा, चिकटलेला ओढू नका. ओढलात तर नवी कातडीही सोबत येते.

पूर्ण खोलीची जखम असेल तर ती आपोआप सुटण्याची वाट बघत बसू नका. पेशंटची स्वतःची त्वचा आधी जिथून घेतली होती ती जागा भरून पुन्हा ग्राफ्ट घेण्याजोगी झाली की, साधारण दोन ते तीन आठवड्यांच्या आत, पेशंटला टेबलावर घ्या. बँकेची त्वचा काढून त्याच सुपीक, लालसर तळावर त्याची स्वतःची लावा. उशीर झाला की शरीर ती स्वतःच टाकून देऊ लागतं, तळ खरबरीत होतो, जंतू शिरतात आणि कमावलेला वेळ वाया जातो. पहिल्या ऑपरेशनच्या दिवशीच दुसऱ्याची तारीख वहीत लिहून ठेवा.

टप्पा ११: उरलेली त्वचा आणि नोंद

उरलेली धुतलेली पट्टी ‘पुढच्या केसला’ म्हणून पुन्हा ग्लिसरॉलमध्ये टाकू नका. ती मानवी ऊतक म्हणून पिवळ्या पिशवीतच जाते.

केसपेपरवर दात्याचा क्रमांक, अंतिम तारीख, वापरलेले आणि टाकून दिलेले चौरस सेंटिमीटर, कोणत्या अवयवावर कोणता डबा, हे सगळं लिहा. डब्याचं लेबल सोलून चिकटवलंत तर उत्तम. दोन दात्यांचे डबे वापरले असतील तर उजव्या पायावर कोणता आणि छातीवर कोणता, हेही लिहा. उद्या बँकेला एखाद्या दात्याबद्दल काही कळवायचं झालं तर त्यांना पेशंटपर्यंत पोचायला हीच नोंद लागते. वापराचा फॉर्म भरून बँकेला परत पाठवायचा असतो. तो बहुतेक वेळा ओटीच्या ट्रॉलीवर, रक्ताचे डाग पडलेला, दुसऱ्या दिवशी सापडतो.